लाल बासनातलं इतिवृत्त

१

गावपळण आटोपून आडबंदर घरी परतलं त्या गुरुवारी, सकाळी दहा वाजता, सुगंधा मिठबावकरने वाचनालयाच्या दारावरची कागदाची पट्टी फाडली आणि पुढच्या अर्ध्या तासात तिची सव्वीस वर्षांची नोकरी धोक्यात आली.

ज्यांना गावपळण ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. दर तीन-चार वर्षांनी मार्गशीर्षात ग्रामदेव रवळनाथाचा कौल होतो आणि सगळं गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं. सगळं म्हणजे सगळं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री. ओहोळापलीकडच्या माळावर झावळांच्या राहुट्या पडतात, चुली पेटतात, पत्त्यांचे डाव बसतात, आणि इकडे गावात कोंबडा आरवायलाही मागे राहत नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यायचा आणि देवाने हो म्हटलं की घरी. या दिवसांत गावात पाऊल टाकायची छाती कोणाची होत नाही. चोराचीही नाही, कारण आडबंदरचा चोरही आडबंदरचाच असतो आणि देवाला तोही भितो.

त्यामुळे घरांच्या कुलपांची कोणी फारशी फिकीर करत नाही. वाचनालयाचे अध्यक्ष गुरुप्रसाद वळंजू मात्र शिस्तीचे. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्या सामानाची यादी केली, दाराला कुलूप घातलं, कुलपावर कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर तीन सह्या घेतल्या. एक स्वतःची, एक कार्यवाह रूपाली टीचरची आणि एक ग्रंथपाल म्हणून सुगंधाची.

गुरुवारी ती पट्टी जशीच्या तशी होती. तिघं मिळून आत गेले. येत्या सोमवारी जिल्ह्याच्या कचेरीतून, ओरोसहून, ग्रंथालय अधिकारी येणार होते. वाचनालयाला शंभर वर्षं झाल्याची सरकारदरबारी नोंद व्हायची होती, आणि शंभर वर्षांचा पुरावा एकच होता: १९२५ सालचं पहिलं इतिवृत्त, संस्थापकांच्या सह्यांचं. ते लाल कापडाच्या बासनात बांधून लोखंडी कपाटात ठेवलेलं असे. दर दसऱ्याला ते बासन पाटावर मांडत, हळदकुंकू वाहत, हात जोडत आणि परत कपाटात ठेवत.

सुगंधाने कपाट उघडून बासन टेबलावर ठेवलं. गुरुप्रसादांनी गाठ सोडली. आतून निघाला एका जुन्या मासिकाचा १९६२ सालचा बांधीव खंड.

 दाराची पट्टी शाबूत, कुलूप शाबूत, खिडक्यांचे गज शाबूत. तीन दिवस गावात चिटपाखरू नव्हतं. आणि शंभर वर्षांचं इतिवृत्त नाहीसं झालं होतं.

"सुगंधाताई," गुरुप्रसाद शुद्ध मराठीत म्हणाले. ते रागावले की शुद्ध बोलत. "या कपाटाची किल्ली तुमच्याशिवाय कोणाकडे असते?"

"कोणाकडेच नाही," सुगंधा म्हणाली. खरं तेच तिने सांगितलं, आणि तोंडातून शब्द गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण स्वतःच्याच गळ्याला फास लावून घेतला.

२

गुरुप्रसादांनी किल्ल्या ताब्यात घेतल्या. रविवारी चार वाजता समितीची सभा ठरली. तोवर इतिवृत्त सापडलं नाही, तर ग्रंथपालांना कामावरून काढायचं आणि पोलिसांत तक्रार द्यायची.

दुपारपर्यंत गावभर झालं. बाजारात सुगंधाला पाहून दोघीतिघी बोलायच्या थांबल्या. मुंबईहून मुलीचा, आकांक्षाचा फोन आला. "आई, सोड ती नोकरी आणि ये इथे." सुगंधाने फोन ठेवला आणि भाताचा कुकर लावायचाही विसरली. नोकरी सोडणं निराळं आणि चोर म्हणून घरी बसणं निराळं. सव्वीस वर्षांत तिने गावातल्या प्रत्येक वाचणाऱ्या माणसाच्या हातात पुस्तक ठेवलं होतं, आणि आता त्याच माणसांच्या तोंडी तिचं नाव भलत्याच कारणाने होतं. याचं तिला फार वाईट वाटत होतं.

संध्याकाळी जानकी पराडकर आली. जानकीकाकी म्हणजे गावची निवृत्त पोस्टमास्तरीण. वय सत्तर, चष्मा जाड, जीभ तिखट. एकतीस वर्षांच्या नोकरीत तिने अर्धवट पत्त्याचं एकही पत्र परत पाठवलं नव्हतं. पावसात भिजून अक्षर पुसलेलं पाकीट हातात घेऊन ती विचार करत बसे, आणि संध्याकाळपर्यंत ते बरोबर घरी पोचलेलं असे.

"रडा नको गो," ती दारातूनच म्हणाली. "आधी चाय टाक, मगे सांग."

"काकी, मी हात नाय लावलंय ओ त्या पुस्तकाक. सव्वीस वर्सां काढलंय मी थय."

"ता माका म्हायत आसा. तुका चोरी करूची असती तर तू कादंबऱ्या चोरलं असतंस, इतिवृत्त कोण वाचता?"

सुगंधाला हसू आलं. दिवसभरातलं ते पहिलंच. तिने सगळं सांगितलं, पट्टीपासून मासिकापर्यंत. काकीने मध्ये एकच प्रश्न विचारला: पुस्तक नाहीसं झालं तर फायदा कोणाचा?

सुगंधा घुटमळली. मग म्हणाली, "निकेतचो." वाचनालयाच्या शेजारी निकेतचं पर्यटकांसाठी बांधलेलं घर होतं. वाचनालयाची जमीन त्याच्या पणजोबांनी दिलेली, आणि दिल्याचं फक्त त्या इतिवृत्तात लिहिलेलं.

तेवढ्यात फोन वाजला. गुरुप्रसाद होते. शेजारच्या गावच्या एका होडीवाल्याने त्यांना सांगितलं होतं, गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, वाचनालयाच्या मागच्या पडवीत त्याने माणूस पाहिला होता.

३

शुक्रवारी सकाळी निकेत आपल्या अंगणात माडांना पाणी घालत होता. अठ्ठावीस वर्षांचा गडी, पण जानकीकाकीला आणि मागोमाग सुगंधाला फाटकातून येताना पाहून त्याने पाण्याची नळी टाकली.

"दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालयाच्या पडवेत कोण होतो रे?" काकीने विचारलं.

"माका काय म्हायत, काकी?"

"तुका म्हायत आसा. तुझो गुडघो फुटलो हा. वाचनालयाच्या मागच्या दगडी गडग्यावरसून कोण उडी मारता तेका लागता, माका म्हायत आसा. पोस्टात असताना मीय मारलंय."

निकेत पायरीवर बसला. मग हात जोडले. "काकी, पाया पडतंय, गावात सांगू नकात. पोलिसांचा काय नाय, पण गावपळणीत आत गेलंय म्हटल्यावर माका कोण दारात उभो करूचो नाय."

"कित्याक गेलंस?"

"मांजरीन पिल्ला घातली होती त्या पडवेत. निघताना मांजर गावली, पिल्ला गावली नाय. दुसऱ्या दिवशी ती राहुटीत सारखी वरडूक लागली. माका बघवला नाय. आणि तुमीच सांगा, जिता जीव गावात रवाक नको असो देवाचो हुकूम. मगे पिल्ला थय ठेवन कसा चलतला?"

काकीने पिल्लं बघायला मागितली. निकेतने आतून टोपली आणली. त्यात खरोखरच तीन पिल्लं होती, एकावर एक रचल्यासारखी झोपलेली. सुगंधाला वाटलं, हा पोरगा खोटं बोलत नाही. पण तसं वाटण्याला रविवारच्या सभेत काही किंमत नव्हती.

"आणि जमीन?" तिने विचारलं.

"पणजोबान जमीन दिली ता गावातल्या शेंबड्या पोराक म्हायत आसा, सुगंधाताई. ती परत मागून मी हय रवतलंय खंय?"

परत येताना सुगंधा म्हणाली, "तो पडवेत होतो, पण पट्टी फाटूक नाय. म्हणजे तो आत गेलो नाय."

"कोणच आत गेलो नाय," काकी म्हणाली. "तीन दिवस ती खोली बंद होती ह्या खरा. म्हणान तीन दिवसांचो इचार आपण सोडून देवया. ता पुस्तक तेच्या आधी गेला."

"पण आधी कधी? रूपाली टीचरने मे महिन्यात त्या पुस्तकाच्या पहिल्या पानाचा फोटो काढला. तो स्मरणिकेत छापला आहे." बोलता बोलता सुगंधाही कचेरीतल्या मराठीवर आली होती. "आणि काकी, मे महिन्यात मी तिला कपाट उघडून दिलंच नव्हतं."

४

दोघी थेट शाळेत गेल्या तेव्हा रूपाली टीचर नववीचे पेपर तपासत होती. शताब्दीची स्मरणिका तिनेच तयार केली होती. चौथ्या पानावर फोटो, खाली ओळ: 'मूळ इतिवृत्ताचे पहिले पान'.

"हो, मीच काढला," ती म्हणाली. नजर मात्र पेपरावर होती.

"कपाट कोणी उघडलं?" सुगंधाने विचारलं. आवाज चढला ते तिलाही कळलं. "किल्ली माझ्याकडे होती, रूपाली. मी दिली नाही. मग तू मूळ पान पाहिलंस कुठे? तू पाहिलंस असं म्हणालीस तर रविवारी सगळे म्हणणार, पुस्तक मेपर्यंत होतं आणि नंतर सुगंधाने विकलं."

 जानकीकाकीने हात पुढे केला. "फोटो मोबायलात असतलो मां? दाखय."

स्मरणिकेत छापलेला फोटो चारी बाजूंनी कापलेला होता. मोबाईलमधला मात्र अख्खा होता. काकीने तो बोटांनी मोठा केला आणि पानाच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं. तिथे एक गंजलेली पिन होती. स्टेपलरची.

"शंभर वर्सांच्या पुस्तकाक स्टेपलर?"

रूपालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी अध्यक्षांकडे मागितलं होतं. ते म्हणाले, पूजेतलं बासन सोडायचं नाही. मग पंचवीस वर्षांपूर्वीची अमृतमहोत्सवाची स्मरणिका मिळाली, तिच्यातल्या फोटोचा मी फोटो काढला. खाली 'मूळ' लिहिलं, कारण स्मरणिकेच्या संपादकाने मूळ पुस्तक पाहिलेलंच नाही असं कसं लिहायचं? सुगंधाताई, तुमच्यावर येईल असं मनातसुद्धा नव्हतं. मी रविवारी सगळ्यांसमोर सांगेन."

सुगंधाला तिचा राग आला होता, तो तिथल्या तिथे निम्मा झाला. निम्मा तिने पुढच्या आठवड्यासाठी ठेवून दिला.

"बरा," काकी म्हणाली. "म्हणजे मे महिन्यात ता पुस्तक कोणी बघला नाय. दसऱ्याक कोणी बघला?"

सुगंधा आठवू लागली. यंदाचा दसरा, मागचा, त्याच्या मागचा. बासन निघालं होतं, पाटावर बसलं होतं, आरती झाली होती. गाठ? गाठ कोणीच सोडली नव्हती.

"काकी," ती हळूच म्हणाली, "ते बासन मी आयुष्यात एकदाही सोडलेलं नाही."

५

शनिवारी सकाळी गुरुप्रसादांना वाचनालय उघडावं लागलं. त्यांच्या दहावीच्या निकालाचं पाकीट जानकीकाकीने स्वतः घरी नेऊन दिलं होतं, आणि त्यातले गणिताचे मार्क तिने आजवर कोणाला सांगितले नव्हते. अशा बाईला नाही म्हणता येत नाही.

काकीने वाचनाच्या टेबलावर लाल कापड पसरलं, शेजारी मासिकाचा खंड ठेवला आणि पिशवीतून भिंग काढलं. पोस्टाच्या तिकिटांवरचे पुसट शिक्के वाचायचं तिचं जुनं भिंग.

"ह्या बघ, गुरुप्रसादा. कापडाच्या आतल्या अंगाक बुरशी. खंडाच्या पुठ्ठ्यावर तशीच बुरशी, जागच्या जागी. कापडाचो लाल रंग पानांच्या कडांक लागलो हा. ह्या एका पावसाचा काम नाय. तीन-चार पावसाळे ह्यो खंड ह्या कापडात आसा."

"पण मी निघायच्या आदल्या दिवशी स्वतः तपासलंय. यादीत माझी सही आहे."

"काय तपासलंस?"

"बासन," गुरुप्रसाद म्हणाले, आणि थांबले.

सुगंधाने खंड उघडला. पहिल्याच पानावर केसांच्या तेलाची जाहिरात होती, लांब वेणीच्या बाईच्या चित्रासह. म्हणजे तीन-चार दसरे आडबंदरच्या वाचनालयाने या तेलाला हळदकुंकू वाहिलं होतं आणि अध्यक्षांनी त्याच्यासमोर डोळे मिटून हात जोडले होते. गुरुप्रसाद खिडकीबाहेर बघू लागले. जानकीकाकी हसली नाही, पण तिला ते फार जड गेलं.

सुगंधाने शेवटचं पान उलटलं. तिथे तारखांची चिठ्ठी होती. खंड शेवटचा परत आला होता १८ नोव्हेंबर २०२१ला. "म्हणजे त्यानंतर कधीतरी हा बासनात गेला. डिसेंबरात मागची गावपळण झाली."

"आता माका सांग," काकी म्हणाली, "चोरान पुस्तक चोरला तर तो बासनात काय ठेवीत?"

"काहीही. रद्दी. नाहीतर बासनासकट नेलं असतं."

"आणि हय कोणीतरी बरोब्बर तेवढ्याच उंचीचो खंड हुडकून, नीट बांधून ठेवलो. रिकामी जागा कोणाक बघवत नव्हती गो ह्या वाचनालयात?"

सुगंधाला एकच नाव आठवलं. काशीराममामा! चाळीस वर्षं इथे शिपाई होते. फळीवरून एखादं पुस्तक वाचायला गेलं की तिथे दुसरं आणून उभं करत. 'दात पडल्यासारखा दिसता गो,' म्हणत. त्यांच्यामुळे पुस्तकांचा क्रम सतत बिघडे आणि ती सतत कुरकुरे. त्यांच्या काळात कपाटाची किल्ली खिळ्यालाच असे. ते गेल्यानंतर तिने ती स्वतःच्या जुडग्यात ओवली होती.

"मामा मागच्या गावपळणीतून परत आले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गेले," ती म्हणाली. "पण काकी, ते पुस्तक चोरतील? मेलेल्या माणसावर आळ घालून मला सुटायचं नाही हां."

"आळ कोण घालता? रूपालीचो फोटो काढ."

स्मरणिकेतला तो फोटो गावातल्या दीडशे घरांत पोचला होता. अक्षर बारीक, शाई फिकट. शिवाय पानाचा फोटो वाचायचाही असतो, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. काकीने भिंग सुगंधाच्या हातात दिलं. सुगंधा एकेक शब्द लावत वाचू लागली.

"'ठराव पहिला. गावपळणीनिमित्त वेशीबाहेर जमलेल्या मंडळींनी राहुटीत बसून असे ठरविले की, आपल्या गावात एक वाचनालय असावे.'" ती थांबली. "काकी, हे वाचनालय गावपळणीत स्थापन झालं?"

"फुडे वाच."

दुसरा ठराव जमिनीचा होता. तिसऱ्यावर आल्यावर सुगंधाने भिंग आणखी जवळ धरलं.

"'ठराव तिसरा. हे पुस्तक दर गावपळणीस वाचनालयाच्या सेवकाने सोबत न्यावे. गाव बाहेर असता वाचनालय आत एकटे राहू नये.'"

६

रविवारी सकाळी त्या दोघी किनाऱ्याकडच्या वाडीत गेल्या. काशीराममामांची बायको गंगू अंगणात सुकत घातलेले बांगडे उलटत होती. नवरा गेल्यावरही ती मासे विकून एकटी राहत होती, आणि कोणाचं एक अक्षरही ऐकून घेत नव्हती.

सुगंधाने विषय काढला तशी ती उभी राहिली.

"माझ्या घोवाक चोर म्हणूक इलात? चाळीस वर्सां तेणी तुमच्या पुस्तकांची धूळ पुसली!"

"नाय गो गंगू," काकी म्हणाली. "तो गावपळणीक कायतरी घेवन जाय होतो मां?"

गंगू दोघींकडे बघत राहिली. मग आत गेली. त्या मागोमाग गेल्या. चुलीच्या वर, आढ्याच्या खुंटीला, धुराने काळी पडलेली एक कापडी पिशवी टांगलेली होती.

"ही पिशयी तो दर गावपळणीक खांद्याक लावन न्हेय. मागच्या टायमाक घराक इलो, हय टांगल्यान आणि म्हणालो, उद्या वाचनालयात न्हेवन ठेवतंय. तो उद्या काय तेका गावलो नाय." गंगूने पदराने नाक पुसलं. "म्हणान औंदा मीच न्हेलंय. माळार न्हेलंय, परत हाडलंय, होती थय टांगलंय. आत काय आसा माका काय म्हायत? तेचा काम ता. मी उघडूचंय कशाक?"

"गावात एवढी बोंब झाली, तेव्हा काय वाटलं नाय तुका?" काकीने विचारलं.

"लाल बासनातला कायतरी गेला म्हणत होते. ही पिशयी तर काळी."

सुगंधा स्टुलावर चढली. तिने पिशवी खुंटीवरून उतरवली. आत एक लांबट, जाड पुठ्ठ्याची वही होती, कडुनिंबाच्या वाळल्या पानांत गुंडाळलेली. तिने ती उघडली. पहिलं पान. तिसरा ठराव. खाली नऊ सह्या आणि दोन अंगठे.

 तीन दिवस आवरून धरलेलं रडू तिला आलं, आणि त्याच्याबरोबर हसूही. वाळवी नाही, बुरशी नाही, एक पान सुटलेलं नाही. चुलीच्या धुराने वहीला वाचनालयाच्या कपाटापेक्षा बरं सांभाळलं होतं. फक्त तिला सुक्या बांगड्यांचा वास येत होता.

गंगू अजून धास्तावलेलीच होती. "आता लोक काय म्हणतले? तो घेवन गेलो म्हणतले मां?"

"घेवन गेलो, कारण तेका तसो हुकूम होतो," सुगंधा डोळे पुसत म्हणाली. "हय लिवलेला आसा, मामी. सेवकान सोबत न्हेवचा. एवढ्या लोकांत हुकूम पाळणारो तो एकटोच."

"मगे तेणी कोणाक सांगल्यान कसा नाय?"

"न्हेवचा असा लिवला हा," जानकीकाकी म्हणाली. "सांगूचा असा लिवक नाय."

७

चार वाजता सभा भरली. समितीचे अकरा जण आणि दारात गर्दी, कारण फुकटचा तमाशा आडबंदर सोडत नाही. सुगंधाने वही टेबलावर ठेवली आणि बाजूला झाली. जानकीकाकीने पाच मिनिटांत सगळं सांगितलं. बुरशी, तारखेची चिठ्ठी, फोटोतली पिन, तिसरा ठराव. निकेतच्या पिल्लांचा विषय तिने काढला नाही, आणि होडीवाल्याला उन्हात भास झाला असेल असं म्हणून ती पुढे गेली. मागच्या बाजूला निकेतने सुस्कारा सोडला. रूपाली उठली आणि फोटोचं खरं काय ते तिने सांगून टाकलं.

गुरुप्रसाद बराच वेळ वहीची पानं चाळत होते. शंभर वर्षांपूर्वीच्या सह्या होत्या, उद्याचा अधिकारी खुशाल येऊ शकत होता. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा खिशातून काढून सुगंधापुढे धरला.

"सुगंधाताई, झालं गेलं विसरून जाऊ या."

सुगंधाने हात पुढे केला नाही. एवढी हिंमत आपल्यात कुठून आली हे तिला नंतरही कळलं नाही.

"विसरायचं नाही, साहेब. लिहायचं. गुरुवारी माझ्यावर संशय घेतलात तो तोंडी घेतलात. तो मागे घ्याल तो या सभेच्या इतिवृत्तात घ्या. तुमच्या हाताने."

खोलीत चुळबुळ झाली. गुरुप्रसादांचे कान लाल झाले. पण माणूस शिस्तीचा होता आणि शिस्तीचा माणूस लिहिण्याला नाही म्हणू शकत नाही. त्यांनी चालू इतिवृत्त पुढे ओढलं, पेनाचं टोपण काढलं आणि लिहीत लिहीत वाचून दाखवलं: "'ग्रंथपालांवर घेतलेला संशय निराधार होता. पहिले इतिवृत्त दिवंगत सेवक काशीराम खोबरेकर यांनी ठरावाप्रमाणे नेले होते. समितीने ठराव वाचलेला नव्हता.'" मग ते थोडे थांबले आणि स्वतःहून आणखी एक ओळ घातली. "'अध्यक्ष याबद्दल ग्रंथपालांची आणि श्रीमती गंगू खोबरेकर यांची माफी मागतात.'"

त्यांनी सही केली. सुगंधाने चारही ओळी पुन्हा वाचून पाहिल्या, मग किल्ल्या घेतल्या. खांद्यावरून भाताची गोणी उतरावी तसं तिला वाटलं. दारातल्या गर्दीत गुरुवारी बाजारात तिला पाहून बोलायच्या थांबलेल्या बायका होत्या, त्यांतली एक म्हणाली, "उद्या उघडता मां गो वाचनालय? माझा पुस्तक बदलूचा आसा."

"उघडता," सुगंधा म्हणाली.

गर्दी पांगू लागली. गंगू मात्र दाराजवळ उभीच होती. चाळीस वर्षं नवऱ्याचा डबा घेऊन ती याच दारापर्यंत येत असे आणि इथूनच परत जात असे. सुगंधाने तिला आत आणलं आणि वाचनाच्या टेबलाशी खुर्चीत बसवलं.

गंगूने वहीकडे बोट दाखवलं. "माका वाचूक येणा नाय. तो एवढी वर्सां खांद्यार काय न्हेत होतो, ता वाचून दाखय."

सुगंधा तिच्या शेजारी बसली आणि तिने पहिलं पान उघडलं. जायला निघालेले लोक दारात थांबले, गुरुप्रसादही थांबले. पहिल्या ओळीला तिचा आवाज कापला. दुसऱ्या ओळीपासून तो नीट लागला आणि ती शेवटच्या सहीपर्यंत वाचत गेली.